अ‍ॅम्बिशन म्हणजे मुळात प्रचारफेरी

प्रश्न असा आलाय की अ‍ॅम्बिशन हा शब्द आधी वाईट अर्थाचा होता हे खरंय का, आणि त्याचं अ‍ॅम्ब्युलन्सशी काही नातं आहे का.

खरंय, आणि नातं आहे पण लांबचं. लॅटिनमध्ये अंबीरे म्हणजे भोवती फिरणं, अंब म्हणजे भोवती आणि ईरे म्हणजे जाणं. संस्कृत येणाऱ्यांना ओळख पटेल, 'अभितः' मधला अभि आणि 'एति' मधला इ धातू हे याचेच भाऊबंद.

आता हे फिरणं कशासाठी, तर मतांसाठी. प्राचीन रोममध्ये कॉन्सल (सर्वोच्च शासक) वगैरे पदांच्या निवडणुका दरवर्षी व्हायच्या, इच्छुक माणूस खडू चोळून पांढराफेक केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) घालून चौकात उतरायचा, दिसेल त्याचा हात हातात घ्यायचा आणि सोबत एक गुलाम असायचा जो समोरच्याचं नाव हळूच कानात सांगायचा (आपल्याकडचे कार्यकर्ते काय वेगळं करतात!). या फेरीला म्हणायचे अंबितिओ. पांढऱ्याला कांदिदुस, म्हणून असा माणूस कांदिदातुस, त्यावरून कँडिडेट. आपला उमेदवार मात्र फारसी 'उमेद'वरून आलाय, कपड्यांशी काही संबंध नाही.

फिरताना पैसेही वाटले जायचेच. त्या गुन्ह्याला अंबितिओचाच सख्खा भाऊ असलेला शब्द, अंबितुस. इसवीसनपूर्व 63 मध्ये सिसेरो या नामांकित वक्त्याने कॉन्सल असताना त्याविरुद्ध कडक कायदा केला, शिक्षा 10 वर्षं हद्दपारी, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी मुरेना नावाच्या माणसावर याच कायद्याखाली खटला झाला तेव्हा त्याचं वकीलपत्र घेऊन त्याला सोडवलं कोणी, तर सिसेरोनेच.

त्यामुळे अंबितिओ हा अ‍ॅम्बिशन होऊन फ्रेंचमार्गे 14व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा शब्दाला मानाची हाव असाच वास होता. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये सीझरला मारणारा ब्रूटस 'तो अ‍ॅम्बिशस होता म्हणून मारला' म्हणतो, तो आरोपच आहे, कौतुक नाही. इंटरव्ह्यूत अभिमानाने सांगायचा गुण तो खूप नंतर झाला. आणि मराठीतही राजकारणाच्या बातमीत एखाद्या नेत्याला 'महत्त्वाकांक्षी' म्हटलं की टोमणा असतोच ना.

अ‍ॅम्ब्युलन्स आली अंबुलारे, म्हणजे चालणं, यावरून. फ्रेंच सैन्यासोबत फिरणारं इस्पितळ म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स, गाडीला ते नाव नंतर पडलं. दोघांत कॉमन फक्त तो 'अंब'.