सोनं सोडवू की पौंड हाताशी ठेवू?

प्रश्न: 2023 पासून लेस्टरमध्ये होमकेअरमध्ये, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन देखभाल करायच्या कामात आहे. करार आठवड्याला साडेसदतीस तासांचा, काम मिळतं 25 तासांचं. कोल्हापूरला साडेतीन लाखांचं सोनेतारण, व्याज 10 टक्के. साठवलेत 4,000 पौंड. ते पाठवून सोनं सोडवू, की उसनवारी करून ‘सीओएस (नव्या नोकरीच्या व्हिसासाठी लागणारं कंपनीचं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र) देतो’ म्हणणाऱ्याला 5,000 पौंड देऊ?

उत्तर: ताई, मध्यस्थाला एक पेनीसुद्धा नको. ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला 1973 च्या कायद्याने बंदी आहे. वर त्याने गाठून दिलेल्या कंपनीचं स्पॉन्सर म्हणून लायसन्स गेलं, तर पैसेही बुडतील आणि व्हिसाही टांगणीला लागेल. इंग्लंडमध्ये पुरेसे तास न मिळणाऱ्या केअरवर्करना नवा स्पॉन्सर शोधायला मदत करणाऱ्या विभागवार यंत्रणा आहेत, त्याही फुकट. तिथे आजच नाव नोंदवा. पेस्लिप आणि रोटा (कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक) जपून ठेवा. तास कमी मिळाल्याचा तोच पुरावा.

आता सोनं. वर्षाचं व्याज 35,000 रुपये, म्हणजे साधारण 300 पौंड. बोचतं, पण झेपतं. उलट स्पॉन्सरचं लायसन्स रद्द होऊन व्हिसाची मुदत आखडली, तर नवी कंपनी शोधायला सहसा 60 दिवस मिळतात. 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवीन केअरवर्कर घेणं बंद आहे. एकदा परतलात की याच वाटेने पुन्हा येता येणार नाही. सोनं वर्षभराने सोडवलं तरी चालतं.

म्हणून दोन महिन्यांचं भाडं-जेवण 1,600, नव्या व्हिसाची फी तीनशेच्या आसपास, परतीच्या तिकिटापुरते 500. असे 2,400 पौंड हलवू नका. उरलेले 1,600 पाठवा, पौंड 115 ला धरला तर 1.84 लाख रुपये. आधी व्याज चुकतं करा, मग मुद्दल. काही दागिने सोडून देतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. सगळे एकाच खात्यावर असले तर पुष्कळ ठिकाणी नाही म्हणतात. मुदतीआधी नूतनीकरण करा, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

एक गोष्ट बऱ्याच जणी सोडून देतात. स्वतःच्या गाडीने एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जाता ना? 2024-25 साठी करमुक्त दर मैलाला 45 पेन्स होता. कंपनीने 25 दिले असतील, तर 8,000 मैलांवर 1,600 पौंडांची वजावट बसते. 20 टक्क्यांनी 320 पौंड कर परत. वर्षाचं व्याज त्यातच निघालं! मात्र कर कापलेला हवा, तारीखवार मैलांची नोंद हवी, आणि घरापासून पहिल्या क्लायंटपर्यंतचं अंतर सहसा धरत नाहीत.