प्रश्न तुमचे: ओहोटी हुकली, आता?

प्रश्न: आमचा बीएस्सीचा गट पौर्णिमेला दुपारी १२ वाजता वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकांवरचे जीव मोजायला गेला. सगळीकडे पाणीच! चुकलं काय? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर: दिवस बरोबर, वेळ नेमकी उलटी. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण १२ला असते, ओहोटी ६च्या सुमारास. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यात ६ तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला भरती रात्री सव्वादोनला, ओहोटी सकाळी सव्वाआठला. कॉलेजच्या गटाला हीच तिथी सोयीची. उधाण टिकून असतं, उजेडही असतो. तरी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहाच, हिशोब अंदाजाचा आहे.

ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की निघा. जीव मोजायला खडकावर ठेवायची चौकट ५० गुणिले ५० सेंमीची, पीव्हीसी पाइपची; दर १० सेंमीवर दोरा बांधला की २५ घरं होतात, एक घर म्हणजे चौकटीतल्या जागेचे ४ टक्के. पाइपला भोकं पाडा, नाहीतर डबक्यात ती तरंगते. कालवं धारदार असतात, चपला नकोत, बूट घाला. उलटलेला दगड पुन्हा पहिल्यासारखा ठेवा. नाहीतर खालचे जीव उन्हात वाळून मरतात.