फॉस्फोरिकऐवजी सायट्रिक वापरलं म्हणून पेटंटमधून सुटका होते का?

अमेरिकन पेटंटच्या क्लेममध्ये (पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं, त्या मजकुरात) ऑक्टॅनॉइक आणि फॉस्फोरिक ॲसिड आहे, तुमच्या सॅनिटायझरमध्ये फॉस्फोरिकच्या जागी सायट्रिक आहे, मग उल्लंघन होतं का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या नावावर जाऊ नका, हे कळकळीने सांगतो. ते ॲसिड मिश्रणात काय काम करतं, ते आधी बघा.

जंतू मारतं ते मुख्यतः ऑक्टॅनॉइक, तेही आयन न झालेल्या रूपात. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं ॲसिड आयन झालेलं असतं तो आकडा, साधारण 4.9. त्या पीएचला निम्मं ॲसिड कामाचं, 3.9 ला नव्वद टक्के, 6.9 ला जेमतेम 1 टक्का. फॉस्फोरिक पीएच खाली धरून ठेवतं. ते सायट्रिकलाही जमतं, म्हणून पेटंटवाल्याचा वकील ‘समतुल्य’ म्हणणारच, म्हणजे घटक वेगळा असला तरी काम तेच, म्हणून उल्लंघनच. पीएचचं मोजमाप मूळ द्रावणाचं की पाणी घातलेल्याचं, तेही क्लेममध्ये नीट वाचा. क्षार जास्त असलेल्या पाण्यात पातळ केल्यावर पीएच इतका चढलेला मी पाहिलाय की अख्खा अहवाल नव्याने लिहावा लागला.

तुमचा खरा आधार पेटंटच्या वर्णनात सापडू शकतो. तिथे ‘फॉस्फोरिक, सायट्रिक किंवा लॅक्टिक’ असं लिहून क्लेम फक्त फॉस्फोरिकवर केला असेल, तर सायट्रिक लोकांना देऊन टाकलं असं धरतात. 2002 च्या जॉन्सन अँड जॉन्स्टन खटल्यात हेच झालं: वर्णनात स्टेनलेस स्टीलचा पर्याय होता, क्लेम ॲल्युमिनियमचा; स्टील वापरणारा सुटला.

मग पेटंटधारकाचा पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार काढा. 1997 च्या वॉर्नर-जेन्किन्सन खटल्यात क्लेमला पीएच 6 ते 9 ची मर्यादा नंतर जोडलेली होती आणि समोरचा 5 वर काम करत होता. 9 कशासाठी ते कळत होतं, जुन्या पेटंटपासून वेगळं दाखवायला. 6 का, ते कुणी लिहिलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मर्यादा का घातली ते पेटंटधारकाने दाखवावं. नाही दाखवलं तर समतुल्यता मागता येणार नाही.

एक मात्र पक्कं: क्लेममध्ये ‘कम्प्रायझिंग’ (म्हणजे ‘यात हे घटक आहेत, आणखीही असू शकतात’) असेल, तर फॉस्फोरिक ठेवून वर सायट्रिक घातल्याने काहीही साधणार नाही.

दाखल केलेला क्लेम आणि मंजूर झालेला क्लेम शेजारी ठेवा. ‘फॉस्फोरिक’ हा शब्द कोणत्या तारखेला, कोणत्या आक्षेपानंतर आला, तेवढं शोधून मगच वकिलाकडे जा.