‘माय ताय’ हा शब्द हवाईचा की ताहितीचा?

रमच्या ‘माय ताय’ या कॉकटेलचे नाव हवाईयन भाषेतले आहे का, मराठीत ते कसे लिहावे आणि अननसाचा रस त्यात मुळापासून आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

हे नाव ताहितियन आहे आणि त्याचा पुरावा शब्दातच सापडतो. ताहितियन आणि हवाईयन या दोन्ही पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या, कुळातल्या भाषा. मात्र ताहितियनमधल्या ‘त’च्या जागी हवाईयनमध्ये ‘क’ येतो. पुरुष या अर्थाचा ताहितियन ‘ताने’ हवाईत ‘काने’ होतो आणि ‘चांगले’ या अर्थाचा ‘मैताइ’ तिथे ‘मैकाइ’ होतो. नाव हवाईयन असते, तर त्यात ‘क’ ऐकू आला असता.

‘ट्रेडर व्हिक’ या नावाने प्रसिद्ध असलेले बारमालक व्हिक्टर बर्जरॉन यांनी हे पेय १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे तयार केले. त्यांच्या सांगण्यानुसार, ताहितीहून आलेल्या मित्रांपैकी एकीने पहिला घोट घेताच ‘मैताइ रोआ आए’, म्हणजे ‘याहून उत्तम काही नाही’, असे उद्गार काढले आणि त्यातला पहिला शब्द पेयाला मिळाला. डॉन बीच या दुसऱ्या अमेरिकन बारमालकांनीही या पेयाच्या जनकत्वावर हक्क सांगितला होता. परंतु आज ज्या पेयाला आपण माय ताय म्हणतो, त्याची कृती बर्जरॉन यांचीच आहे.

मूळ ताहितियन शब्द अखंड असून त्यातल्या शेवटच्या ‘इ’पूर्वी घशात श्वास क्षणभर अडतो. इंग्रजीने तो तोडून दोन शब्द केले आणि पेय त्याच रूपाने जगभर गेले, म्हणून मराठीतही ‘माय ताय’ असेच लिहावे. ‘माई ताई’ असे लिहिल्यास नात्यांचा भलताच अर्थ डोकावतो.

मूळ कृतीत १७ वर्षे मुरलेली जमैकन रम साधारण ६० मिली, संत्र्याच्या सालीचे गोड मद्य ‘कुरासाव’ आणि बदामाचे ‘ओर्झा’ सरबत प्रत्येकी १५ मिली, खडीसाखरेचा पाक त्याच्या निम्मा आणि एका ताज्या लिंबाचा रस एवढेच घटक आहेत. बर्फाच्या चुऱ्यासह हे सारे जोरात हलवून ग्लासात ओततात आणि वर पिळलेल्या लिंबाची फोड व पुदिन्याची डहाळी ठेवतात. यातला ‘ओर्झा’ हा शब्दही रंजक आहे: फ्रेंचमध्ये ‘ओर्झ’ म्हणजे बार्ली, आणि पूर्वी हे सरबत बार्लीचे पाणी घालून करीत. पुढे बार्ली गेली, बदाम उरला, नाव मात्र तेच राहिले. ‘ओर्चाता’ या स्पॅनिश पेयाच्या नावाचे मूळही बार्लीच्याच लॅटिन नावात आहे.

बर्जरॉन यांनी १९५३ मध्ये होनोलुलूच्या रॉयल हवाईयन हॉटेलसाठी हे पेय नेले आणि पुढे त्या बेटांवर त्यात अननसाचा रस मिसळू लागला. त्या रसाखाली बदामाचा मंद स्वाद आणि जुन्या रमची खोली दोन्ही दबून जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून अननस घातलेल्या पेयाला ‘हवाईयन माय ताय’ म्हणावे आणि नुसते ‘माय ताय’ हे नाव १९४४ च्या कृतीसाठी राखावे.