आधी ‘कशापेक्षा’ ते लिही

प्रिय,

कर्करोगावरच्या नॅनोऔषधांची (अतिसूक्ष्म कणांत भरलेल्या औषधांची) रुग्णांना ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेचा तुझा मसुदा दोनदा वाचला. ‘फायदे लिहिले तर लोक चमत्कार समजतात, जपून लिहिलं तर घाबरतात’ हा तुझा वैताग मला कळतो. पण दोष वाचकांचा नाही, तुझ्या या वाक्याचा आहे: ‘नॅनोकण फक्त कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करतात.’ नाही करत. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्या तर तिथे ते जास्त झिरपतात, इतकंच. शिरेतून दिलेल्या कणांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहाच अडवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ साली जो मोठा आढावा आला, त्यात गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यक (ओळीने मांडलेल्या आकड्यांतला मधला) ०.७ टक्के निघाला होता. ‘फक्त’ खोड.

आणि प्रत्येक फायद्यापुढे स्वतःला विचार: कशापेक्षा? लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. ते चांगलं, पण कशापेक्षा? साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा. कशात? हृदयाला होणारी इजा कमी, कारण साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ते कण हृदयाच्या घट्ट विणीच्या रक्तवाहिन्यांतून सहज बाहेर पडत नाहीत. पसरलेल्या स्तनकर्करोगात मात्र दोन्ही औषधांनी आजार जवळपास सारखाच काळ रोखला. आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. हे तिन्ही एकाच परिच्छेदात हवं. तिसरं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ढकललंस, तर जिचे तळवे सोलतील ती तुझ्या पहिल्या दोन वाक्यांवरही विश्वास ठेवणार नाही. तिचं काय चुकेल?

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, हे कर्करोगाचं दुसरं औषध, उदाहरणाला घे. जुन्या, साध्या पॅक्लिटॅक्सेलमधल्या द्रावकाची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं आणि तीन आठवड्यांनी एकदा द्यायचं सलाइन तीन तास चालतं. नव्यात तो द्रावक नाही, सलाइन अर्ध्या तासात संपतं. रुग्णाला कळणारा फायदा हा आहे, ‘अत्याधुनिक’ हा नव्हे. हातापायांना मुंग्या येणं, बधिरपणा मात्र वाढू शकतो, कारण मात्राही जास्त दिली जाते.

आकड्यांतही तेच. ‘धोका निम्म्यावर’ असं कधीही एकटं लिहू नकोस. हजारात दोनाचा एक झाला, की हजारात दोनशेचे शंभर? छेद दोन्हीकडे सारखा ठेव. ‘हजारात दोन’ आणि ‘पाचशेत एक’ शेजारी आले की माणसं फसतात.

आकार एका ओळीत उरक: तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर, लायपोसोम १००. मुखपृष्ठावरचा रक्तात पोहणारा यंत्रमानव काढून टाक. औषध म्हणजे चरबीची पिशवी किंवा प्रथिनाचा गोळा असताना त्या चित्रामुळे वाचकाला कुणीतरी आत शिरून पाळत ठेवतंय असं वाटतं. भीतीचं अर्धं मूळ तिथेच आहे.

या हट्टापायी मला नकारघंटा म्हणतात, ठाऊक आहे. पण अपेक्षा फुगवून दिलेली संमती पहिल्या दुष्परिणामाला मोडते आणि तोवर उपचार अर्ध्यावर आलेले असतात. याबाबत मी आधीच कडक व्हायला हवं होतं, म्हणून आता तुझ्यामागे लागतो आहे.

सुधारलेला मसुदा विषय न जाणणाऱ्या तिघांना दे. ‘समजलं का?’ विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. ‘हे औषध कशापेक्षा बरं, आणि त्याचा त्रास काय?’ हे त्यांच्या शब्दांत सांगायला लाव. जिथे दोघं अडखळतील ते वाक्य नव्याने लिही. त्यांची उत्तरं जशीच्या तशी मसुद्यासोबत पाठव.