माव्याला नर लागत नाही, मग बाकीच्यांना का लागतो?

प्रश्न: आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर मावा पडलाय. कुठेतरी वाचलं की ह्यात बहुतेक सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं देतात. एवढं सोपं आहे तर नर हवाच कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: वाचलंत ते खरंय, आणि प्रकरण त्याहून भारी आहे, माव्याची मादी थेट पिल्लं देते आणि पोटातल्या त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढायला लागलेली असते, म्हणजे आई, लेक, नात एकाच अंगात! थंड देशांत मात्र हिवाळ्याच्या तोंडावर नर जन्मतात, मीलन होतं आणि अंडी घातली जातात.

जॉन मेनार्ड स्मिथ ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात हेच गणित मांडलं होतं. नर काही पिल्लं जन्माला घालत नाही, मग नुसत्या माद्यांचा वंश दर पिढीला दुप्पट वाढून नरवाल्यांना कधीच संपवायला हवा होता. झालं नाही ना तसं.

शाळेत सांगतात की नर-मादीमुळे पिल्लांत विविधता येते. बरोबर, पण अर्धवट, कारण मीलनात छान जुळलेली जनुकांची जोडणी मोडते, ह्यात तोटाही असतोच. विविधता कुणाविरुद्ध कामाला येते हे विचारायला हवं, आणि मला पटणारं उत्तर आहे परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणारे जीव. सोसायटीतल्या सगळ्या घरांना एकच किल्ली लागत असेल तर चोराला एकदाच मेहनत, तसंच सगळी पिल्लं एकसारखी असली की परजीवीचं.

ह्याचा पुरावा न्यूझीलंडच्या तळ्यांत आहे. तिथे काही मिलिमीटरची एक गोगलगाय आहे, तिच्यात नर-मादीवाल्या आणि नुसत्या क्लोन (आईची हुबेहूब नक्कल असलेल्या) माद्या, दोन्ही एकत्र सापडतात. एक जंत तिच्यात शिरून प्रजननाचे अवयवच खाऊन टाकतो, गोगलगाय जगते पण वांझ. कर्टिस लाइव्हली ह्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की जिथे जंत जास्त तिथे नरही जास्त, आणि पुढे असंही दिसलं की जो क्लोन संख्येनं वाढतो तोच जंताच्या तावडीत सापडायला लागतो.

आता तुम्ही म्हणाल मग नर नसलेले सगळेच बुडायला हवेत. बरेचसे फार काळ टिकत नाहीतच, पण डेलॉइड रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव कोट्यवधी वर्षं बहुधा नराशिवाय चाललेत. पाणी आटलं की ते कडकडीत वाळतात, वाऱ्यावर उडून दुसऱ्या डबक्यात पोचतात, आणि त्यांना खाणारी बुरशी तेवढं वाळणं सोसू न शकल्यानं मागेच मरते.