व्हॉल्व्हचा गोडवा आणि माहितीपत्रकातले आकडे

प्रश्न : घरच्या संचातला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर काढून मी नुकताच व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) जोडला. स्पीकर तेच आहेत, तरी गाणे अधिक भरदार आणि गोड वाटते. माहितीपत्रकानुसार मात्र नव्याचे डिस्टॉर्शन (मूळ ध्वनीत होणारी विकृती) जुन्याच्या कितीतरी पट आहे. विश्वास कानांवर ठेवावा की आकड्यांवर?

उत्तर : तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणला होता का, हे आपण लिहिलेले नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. एखाद्या डेसिबलने आवाज वाढला, तर तो मोठा झाला असे सहसा वाटत नाही. तो अधिक भरदार, अधिक मोकळा झाल्यासारखा वाटतो. म्हणून काहीशे हर्ट्झचा स्थिर सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलांवरचे एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. एकीकडे २.०० आणि दुसरीकडे २.२४ व्होल्ट भरले, तर तो एका डेसिबलचा फरक झाला आणि ती तुलना बाद समजावी. फरक ०.०२ व्होल्टच्या आत आणावा, आणि कोणता अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे हे आपल्याला न सांगता घरातल्या कोणाला तरी ठरवू द्यावे.

एवढे करूनही फरक ऐकू आला, तर तो भास मानू नये. ज्यांत निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटवून इनपुटला परत देणे) कमी असतो, अशा व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरांचा आउटपुट इम्पीडन्स (स्पीकरला वीज देताना आडवा येणारा आतला अवरोध) एक-दोन ओहमपर्यंत असू शकतो. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा तो एक दशांश ओहमहूनही कमी असतो. स्पीकरच्या मागे ८ ओहम छापलेले असले, तरी प्रत्यक्षात त्याचा इम्पीडन्स सुरांच्या एखाद्या पट्ट्यात ४ ओहमवर उतरतो आणि खर्जातल्या अनुनादापाशी २० ओहमवर चढतो. अशा स्पीकरला २ ओहम आउटपुट इम्पीडन्सचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, की ४ ओहमच्या पट्ट्याच्या तुलनेत खर्जातला तो भाग जवळजवळ पावणेतीन डेसिबलने उचलला जातो. भरदारपणा आला असेल, तर बहुधा इथून. (टोन कंट्रोल जरासा फिरवूनही जवळपास तेच साधते, पण हे ऐकायला व्हॉल्व्हप्रेमींना आवडत नाही.)

डिस्टॉर्शनच्या एकूण टक्केवारीवरून गोडव्याचा अंदाज येत नाही, कारण त्यात कोणती आवर्तने (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्येचे जोडसूर) आहेत हे ती सांगत नाही. व्हॉल्व्हच्या साध्या मांडणीत दुसरे आवर्तन प्रबळ असते, म्हणजे मूळ षड्जाला तार षड्जाची पुसट जोड मिळते, आणि ती कानाला खुपत नाही. सातवे किंवा नववे आवर्तन त्याहून पुष्कळ कमी असूनही खरखरीत लागते.

तेव्हा माहितीपत्रकात आधी डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पीडन्स भागिले आउटपुट इम्पीडन्स) पाहावा : ८ ओहमला तो ४ दिला असेल, तर आउटपुट इम्पीडन्स २ ओहम आहे, आणि स्पीकर बदलताच हाच अ‍ॅम्प्लिफायर वेगळा वाजेल.